दोन मोकळ्या शिटा

बाबुराव मिराशीनं आयुष्यात बसचं तिकीट काढलं नाही, हे रामनगरात सगळ्यांना माहीत होतं. त्यानंच सांगितलेलं होतं, आणि एकदा नाही.

बेळगाव-गोवा रस्त्यावर, जिथं चढ संपतो आणि गाड्या दम घ्यायला हळू होतात, तिथं त्याचं पंक्चरचं दुकान. चार लाकडी खांब, वर पत्रा, पुढं लोंबतं ट्रकाचं एक जुनं टायर आणि त्यावर पांढऱ्या रंगात मोबाईलचा नंबर. त्या नंबराचा फोन म्हणजे घरातला एकुलता एक, बटणांचा. सदतीस वर्षं बाबुराव तिथंच बसलेला. गोव्याला सुटी घालवायला जाणारी अर्धी दुनिया त्याच्या बाकड्यावर टेकून गेलेली.

त्याची फुकट प्रवासाची रीत होती, आणि तिला तो विद्या म्हणायचा. हात करून गाडी थांबवायची नाही. तसा भिकारी पण करतो. उतरणीला नाही, चढाला उभं राहायचं. ट्रक हळू झाला की ड्रायव्हरच्या तोंडाकडं बघायचं नाही, चाकाकडं बघायचं. मग नुसतं म्हणायचं, "मागचं डावं बसलंय बग." ड्रायव्हर उतरणारच. बाबुराव चाकावर पान्यानं ठोकणार, हवा बघणार, दोन गोष्टी सांगणार. मग ड्रायव्हरच विचारायचा, "कुठं जायाचं, मामा?"

असं करत तो खानापूरला गेला, बेळगावला गेला, हल्याळला गेला. स्वतःच्या लग्नालाही तो कौलांच्या ट्रकातनं गेला. येताना केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी एकच शीट मोकळी होती. तिथं नवी नवरी बायजा बसली, मांडीवर करवलीला घेऊन, आणि नवरदेव मुंडावळ्या धरून मागं रिकाम्या हौद्यात. घरी पोचेपर्यंत तो लाल धुळीनं असा माखला होता की ओवाळणाऱ्या बाईनं विचारलं, नवरा कुठाय.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तो वास्कोला गेला. कांद्याचा ट्रक होता. तिथनं आला तो बायजाला म्हणाला, "समुद्र बगून आलो."

"कसा असतोय?"

बाबुरावानं जरा विचार केला. "सुप्याच्या धरणातल्या पान्यागत. पन लई मोटा. हिरवागार, गप पडलेला असतोय. आवाज न्हाई काय न्हाई."

"मला न्ह्या की."

"न्हेतो. एका केबिनात दोन शिटा मोकळ्या गावल्या की न्हेतो."

दोन शिटा गावल्या नाहीत. ट्रकाच्या केबिनात ड्रायव्हर असतो, क्लीनर असतो, त्यात तिसरा दाटीवाटीनं बसतो. चौथी बाईमाणूस कोण घेणार. एकदा मोकळ्या मिळाल्या तेव्हा प्रशांत पोटात होता. एकदा मिळाल्या तेव्हा म्हैस व्यायला झालेली. मग प्रशांत मोठा झाला, शिकला, हुबळीला नोकरीला लागला, आणि बायजानं विचारायचं सोडलं. बाबुरावाला वाटलं, विसरली.

मग बायकांना सरकारी बस फुकट झाली.

आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर झिरो तिकीट फाडून देतो, की राज्याच्या हद्दीत कुठंही जा. पहिले दोन महिने बायजा कुठंच गेली नाही. मग शेजारच्या सावित्रीनं आळीतल्या पाच बायका गोळा केल्या आणि उळवीला नेल्या. मग हल्याळला. मग कारवारला. निघताना भाकऱ्या, चटणी, सुकटीचा डबा, पाण्याचा कॅन. रात्र पडली तर देवळाची ओसरी. सावित्रीचा नियम कडक, बाहेर रुपया मोडायचा नाही, चहासुद्धा नाही. जिला चहा पाहिजे तिनं घरी राहायचं.

बाबुरावाला हे ऐकून आधी बरं वाटलं. आपली विद्या घरात उतरली, असं त्याला वाटलं असावं.

पण कारवारहून बायजा आली ती चूल पेटवताना थांबली आणि म्हणाली, "अवो, तुमी सांगितल्यागत न्हाई त्यो."

"कोन?"

"समुद्र. आवाज करतोय की. लांबनंच ऐकू येतोय. आनि गप कुठं पडतोय, सारका आत-भायेर, आत-भायेर. पायाखालची वाळूच ओढून न्हेतोय. सावित्री पडली."

बाबुरावानं ट्यूब घासायचा कागद हातात फिरवला. "माज्या वेळंला येगळा हुता," तो म्हणाला.

बायजानं चुलीत फुंकर मारली. तिच्या मनात काय आलं ते तिला ठाऊक. पण बाबुरावाच्या मनात जे आलं ते असं, की त्यानं समुद्र बघितलाच नव्हता.

वास्कोच्या बाजारात कांदा उतरवला तेव्हा ड्रायव्हरनं इमारतींच्या रांगेकडं बोट केलं होतं. "त्याच्या मागं समुद्र हाय. जाऊन ये जा, लगेच ये. मी थांबनार न्हाई." बाबुराव दहा पावलं चालला. वास आला, खारट, सुकटीच्या पोत्यात तोंड घातल्यासारखा. आणखी दोनशे पावलं गेला असता तर दिसला असता. पण ट्रक सुटला तर परत यायला बसचं तिकीट काढावं लागलं असतं. तो दहा पावलांवरनं मागं वळला आणि केबिनात चढला. घाट चढेपर्यंत त्यानं सुप्याचं धरण डोळ्यांपुढं आणलं आणि त्याला चारी बाजूंनी मोठं केलं. बायजाला काहीतरी सांगायचं होतं ना.

त्या दिवसापासून दुकानात त्याचं चित्त लागेना. सोमवारी गोव्याहून परतणाऱ्या गाड्या यायच्या. टायरच्या खाचांत वाळू अडकलेली असायची, पांढरी, बारीक. इतकी वर्षं तो ती ब्रशनं झाडून टाकायचा. आता तो ती पान्याच्या टोकानं उकरून तळहातावर घ्यायचा. कधी तिच्यात नखाएवढा शिंपला निघायचा. गाडीचा मालक विचारायचा, "काय झालं, खिळा हाय का?" बाबुराव म्हणायचा, "न्हाई, वाळू हाय." आणि हात पँटीला पुसायचा.

बायजा चौथ्यांदा निघाली तेव्हा त्याला वाटलं, आता विचारंल. येतासा काय, म्हणंल. सावित्री दारात उभी होती, डोक्याला फडकं बांधून, तीर्थाला निघालेल्या पुढाऱ्यासारखी. बाबुराव उगीचच तिथं घुटमळला.

"कुठं दौरा आज?"

"मुरुडेश्वर," सावित्री म्हणाली. "बाबूमामा, तुमाला न्हेलं असतं. पन तुमचं तिकीट पडतंय."

बायका हसल्या. बायजाही हसली, तोंडाला पदर लावून, पण हसली. बाबुराव दुकानात आला आणि एका स्कूटरच्या ट्यूबला दोन ठिगळं लावली. भोक एकच होतं.

त्यानंतर त्यानं आठ दिवस विचार केला. ज्या माणसानं सदतीस वर्षं दोन फुकट शिटांची वाट बघितली, त्याच्या नशिबी एक फुकट आली आणि ती पण बायकोची. आता उरली एकच. त्या एकीचे पैसे त्याच्या खिशात होते. कधी नव्हते असं नाही. हे त्याला त्या आठ दिवसांत पहिल्यांदा स्वच्छ दिसलं, आणि दिसलं ते आवडलं नाही.

जेवताना तो म्हणाला, "मंगळवारी कारवारला जाऊ."

बायजाचा घास हातात राहिला. "ट्रकानं?"

"बसनं."

"तिकीट पडतंय तुमचं."

"पडू दे."

"ताप-बिप हाय काय अंगात?"

"तुला यायचं न्हाई तर ऱ्हा. मी जातो."

"माजं झिरो हाय, मी कशाला ऱ्हाऊ," बायजा म्हणाली. पण हात धुवायला उठली तेव्हा ती परसात जरा जास्तच वेळ उभी राहिली.

सोमवारी संध्याकाळी तिनं दहा भाकऱ्या थापल्या. लसणाची चटणी केली, सुकट भाजली, त्यात कांदा चिरून घातला. बाबुरावाचा पांढरा सदरा काढून तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली. घरात विजेची इस्त्री होती, पण हा सदरा तिनं तसाच केला.

"किती भाकरी?" बाबुरावानं विचारलं. "दोगंच हाय न्हवं?"

"वाळूत बसल्यावर भूक लई लागतीया," बायजा म्हणाली. "तुमाला कळंल."

मंगळवारी सकाळी सातला गाडी आली, बेळगावहून खानापूर, रामनगर, जोयडा करत कारवारला जाणारी. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या बाजूला सगळ्या बायकाच. लग्नाला निघालेल्या, दवाखान्याला निघालेल्या, नुसत्याच निघालेल्या. एकीनं सरकून बायजाला खिडकीशी जागा दिली. बाबुराव मागं लोटला गेला. तिथं आठ-दहा पुरुष दांडीला लटकले होते, वेशीबाहेर ठेवल्यासारखे.

कंडक्टर वाट काढत आला. तरणा पोरगा, कानडी बोलणारा. "यल्लिगे, अज्जा?"

कुठं जायचं, हे विचारलं ते ठीक. पण आजोबा म्हटलेलं बाबुरावाला खटकलं. "कारवारला किती हुतंय?"

कंडक्टरनं यंत्रात बघून सांगितलं. दीडशेच्या वर होतं.

बाबुरावाच्या खिशात दोनशेची नोट होती. सोमवारी रात्री त्यानं ती वेगळी काढून ठेवली होती, घडी न मोडलेली. त्यानं ती बोटांत धरली. समोर बायकांच्या डोक्यांवरनं बायजाचा अंबाडा दिसत होता, त्यात तिनं अबोलीचा गजरा घातला होता. सगळं ठरल्यासारखं होतं. तो कारवार म्हणायला गेला आणि तोंडातनं आलं, "जोयडा."

का आलं, ते त्याला नंतर खूप वेळ कळलं नाही. सवय म्हणा. कुत्रं ओळखीच्या दारात आपसूक थांबतं, तसं त्याचं तोंड थांबलं. नोट परत खिशात गेली आणि सुटे पन्नास बाहेर आले. मग मनानं मागनं येऊन सगळं जुळवून दिलं. जोयड्याला आपल्या ओळखीचा महाबळेश्वर आहे, टेंपो चालवतो. तो न्हाई तर दुसरा कुणी. अनशीचा घाट उतरला की कारवार. बायजा बसनं पोचायच्या आधी आपण स्टँडावर उभे. शंभर रुपये वाचले, त्यात तिला कारवारला माशाचं जेवण घालू. हा शेवटचा विचार त्याला इतका आवडला की त्याला आपण बायजासाठीच हे करतोय असं वाटायला लागलं.

जोयड्याला गाडी चहाला थांबली. बाबुराव उतरला आणि बाहेरनं खिडकीशी आला.

"काय पायजे?" बायजानं विचारलं. "चा न्हाई प्यायचा. कॅनमदी पानी हाय."

"तू हो म्होरं. मी मागनं येतो."

"मागनं म्हंजे?"

"मिळंल कायतरी. महाबळेश्वर असंल न्हाईतर. तू स्टँडावर थांब, हलू नको. मी आलोच."

बायजानं त्याच्याकडं बघितलं. "तिकीट न्हाई काढलं तुमी."

"काडलंय की. हितपातूर."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "डबा माज्याकडं हाय." आणि गाडी हलली. अबोलीचा गजरा वळणापर्यंत दिसत होता.

बाबुराव नाक्याच्या पुढं, चढ लागतो तिथं जाऊन उभा राहिला. अर्धा तास झाला. एक तास झाला. एकही ट्रक आला नाही. टपरीवाला गणपती बऱ्याच वेळापासून त्याच्याकडं बघत होता. शेवटी त्यानंच हाक मारली.

"कुनाची वाट बगतासा?"

"कारवारला जाणारा ट्रक."

"ह्या रस्त्यानं?" गणपतीनं कढईत झारा हलवला. "पावसात दरड आली तवापास्नं बस सोडून मोट्या गाड्या घाटात जाऊ देत न्हाईत. ट्रक समदे यल्लापुरावरनं जातात आता."

"आनि महाबळेश्वर टेंपोवाला?"

"त्यानं टेंपो इकला. रिसॉर्टवर वाचमन हाय."

बाबुराव तरी चढालाच उभा राहिला. ट्रक नाही तर नाही, मोटारी होत्या. सुटीला आलेल्या माणसांच्या, काचा वर केलेल्या, टपावर बॅगा बांधलेल्या. एक पांढरी कार चढाला हळू झाली. बाबुरावानं चाकाकडं बघितलं. खरंच बसलं होतं.

"मागचं उजवं बसलंय बगा."

काच खाली आली. आत चौघं जण, कानात तारा घातलेली मुलगी, गार वारा. गाडी चालवणारा पुढच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "हो काका, दिसतंय इथं. दोन पॉईंट कमी आहे. पुढं भरू." काच वर गेली.

बाबुराव त्या गाडीमागं बघत राहिला. आता चाकं स्वतःच सांगतात, बाबुराव मिराशीची गरज नाही. त्याला हसू आलं, पण ते तोंडापर्यंत आलं नाही.

अकराला दांडेलीहून कारवारची गाडी आली. ती त्याच्यासमोर थांबली, दार उघडं. बाबुराव दोन पावलं पुढं गेला. दोनशेची नोट त्याच्या बोटांत होती. मग त्याला लांबून एक टेंपो येताना दिसला, आणि तो थांबला. बस गेली. टेंपो आला तो जोयड्याच्याच दुकानात बटाटे उतरवायला आला होता.

त्यानंतर बसच नव्हती. म्हणजे होती, पण ती कारवारला पोचायची तेव्हा कारवारहून परतीची गाडी सुटून गेलेली असायची. तीनच्या गाडीनं परतायचं, असं त्याचं आणि बायजाचं ठरलेलं होतं. फोन त्याच्या खिशात होता. कुणाला लावणार? घरात तो एकच.

गणपतीनं त्याला बाकडं दिलं. दुपारी भज्यांची ताटली पुढं केली. बाबुरावानं मान हलवली.

"घ्या की, पैसे नगंत."

"फुकट नगं," बाबुराव म्हणाला, आणि हे शब्द आपल्याच तोंडातनं आले याचं त्याला नवल वाटलं. डबा कारवारला होता. त्यात दहा भाकऱ्या होत्या.

तो बसल्या बसल्या हिशेब करत नव्हता. समुद्रही डोळ्यांपुढं येत नव्हता, कारण कुठला आणायचा? सुप्याचा आणला तर तो खोटा. बायजानं सांगितलेला आणला तर तो तिचा. त्याला एवढंच दिसत होतं की बायजा वाळूत बसलीय आणि तिच्या शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा आहे. लाट येते, बायजा पाय वर घेते. ती काहीतरी म्हणते. शेजारी कुणी नाही म्हणून परत स्वतःशीच म्हणते.

साडेपाचला परतीची गाडी आली. सकाळचीच गाडी, सकाळचाच कंडक्टर. आता गाडीत गर्दी नव्हती. बायजा त्याच खिडकीशी बसलेली, मांडीवर डबा. अबोली सुकून तांबूस झाली होती. बाबुराव आत चढला आणि तिच्यापुढं उभा राहिला. शेजारची शीट मोकळी होती. ती सरकली.

गाडी बरीच पुढं गेल्यावर त्यानं विचारलं, "कसा हुता आज?"

"कोन?"

"समुद्र."

"मला काय म्हाईत," बायजा म्हणाली. "तुमी स्टँडावर थांब म्हनालासा. मी थांबले."

बाबुरावानं तिच्याकडं बघितलं. "दिसभर?"

"साडेधा ते तीन. दर गाडीला उठून बगत हुते. तुमी आलासा आनि मी दिसले न्हाई तर तुमी काय, परत जाल पन चवकशी करायचा न्हाई."

"अगं, समुद्र तितनं..."

"चार पावलावर हाय. इमारतींच्या मागं. वास येत हुता."

बाबुराव खाली बघत राहिला. पायात त्याच्या नव्या चपला होत्या, मंगळवारसाठी काढलेल्या. त्यांना जोयड्याची तांबडी माती लागली होती.

"मीबी तेवडाच बगितलाय," तो हळू म्हणाला. "वास्कोला. वास तेवडा घेतला आनि ट्रकात चढलो."

"म्हाईत हाय मला."

"कदी कळलं?"

"त्येनं माज्या पायाखालची वाळू वडली तवाच," बायजा म्हणाली, आणि डबा उघडला. "खावा आता. सकाळपास्नं मीबी खाल्लं न्हाई. तुमची भाकरी मोडून मी एकटी कुटं खाऊ."

त्यांनी खाल्लं. भाकऱ्या वातड झाल्या होत्या, सुकटीचा वास गाडीभर झाला. पुढच्या शिटावरची बाई नाकाला पदर लावून वळली, मग म्हणाली, "वैनी, जरा हिकडं द्या बघू." तिलाही दिली. गणेशगुडीजवळ झाडांतनं सुप्याच्या धरणाचं पाणी दिसलं, मावळतीच्या उजेडात, हिरवं, गप पडलेलं. बाबुरावानं एकदा बघितलं आणि मान वळवली.

कंडक्टर आला. बायजाला झिरो तिकीट मिळालेलं होतं. "अज्जा, रामनगर?"

"रामनगर." बाबुरावानं सुटे दिले. मग खिशातनं ती दोनशेची नोट काढली. दिवसभर बोटांत धरून ती घामानं मऊ पडली होती. "आनि म्होरल्या मंगळवारचं कारवारचं एक. आत्ताच फाडून ठेव."

कंडक्टर हसला. तोडक्या मराठीत म्हणाला, "तसं नाय होत, अज्जा. त्या दिवशीचं त्या दिवशी."

"बरं."

कंडक्टर पुढं गेला. बाबुरावानं नोट बायजाच्या हातात ठेवली आणि तिची बोटं वरनं मिटली.

"हे तुज्याकडं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मंगळवारी माजं तिकीट तूच काड. माज्या हातात दिलंस तर मी पुन्ना जोयड्याला उतरीन."